करमाडच्या शिवारातली अमेरिका

यंदाच्या अंकासाठी काहीतरी लिहा, असा संपादकांचा फोन आला तेव्हा मी गच्चीवर कुरडया उलटत होते. शेअर बाजारातले थरारक अनुभव हवेत, असं ते म्हणाले. मी त्यांना खरं ते सांगितलं. माझी नोकरी गारखेड्यातल्या एका पहिल्या मजल्यावर, दोन स्क्रीनसमोर, एकाच जागी बसून झाली. खुर्ची दोनदा बदलली, मी नाही. थरार म्हणावा तर एवढाच, की मे महिन्यात भर दुपारी वीज जायची आणि इन्व्हर्टर शिट्टी मारायला लागायचा. ते हसले आणि म्हणाले, मग एखादं गिऱ्हाईक आठवा. तेव्हा मला दादाराव आठवले, आणि मला एवढं हसू आलं की हातातली कुरडई मोडली.

आधी धंदा समजावून सांगते. मी डीलर होते. दलालाच्या ऑफिसात बसून गिऱ्हाइकांच्या वतीनं खरेदी-विक्रीची बटणं दाबणं हे माझं काम. गिऱ्हाईक सांगणार, मी ते मोठ्यानं परत म्हणून दाखवणार, त्यानं हो म्हटलं की ऑर्डर टाकणार. फोन रेकॉर्ड व्हायचे, म्हणून परत म्हणून दाखवायची सवय इतकी अंगात मुरली की अजूनही मी भाजीवाल्याला ‘अर्धा किलो गवार, आजच्या भावानं, बरोबर?’ असं विचारते आणि तो माझ्याकडं काळजीनं बघतो. पैसे माझे नसत, निर्णय माझा नसे, बोट तेवढं माझं. पण त्या बोटाचा मला अभिमान होता. माझ्या हातून चुकीची ऑर्डर कधी गेली नाही, हे कुणी विचारलेलं नसतानाही इथं सांगून ठेवते.

शेवटच्या काही वर्षांत आमच्याकडं सगळ्यात जास्त विचारणा ईटीएफची व्हायची. हा शब्द ऐकून लोक दबकतात, तशी काही गरज नाही. घरी काळा मसाला करायचा तर दगडफूल वेगळं आणा, लवंग वेगळी आणा, दालचिनी वेगळी आणा, आणि त्यातलं चांगलं कुठलं, कुबट कुठलं हेही कळावं लागतं. त्यापेक्षा तयार मसाल्याचा पुडा घेतला की त्यात सगळं ठरल्या मापानं येतं. ईटीएफ म्हणजे कंपन्यांचा असा पुडा. आपल्या देशातल्या मोठ्या पन्नास कंपन्यांचा असतो, नुसत्या सोन्याचा किंवा चांदीचा असतो, आणि परदेशातल्या कंपन्यांचाही असतो. त्याचं एक युनिट घेतलं की आतल्या प्रत्येक कंपनीत आपला चिमूटभर हिस्सा झाला. आणि हा पुडा शेअरसारखा बाजाराच्या वेळात दिवसभर हातोहात विकला जातो. पाहिजे तेव्हा घ्यावा, पाहिजे तेव्हा विकावा.

आमच्या ऑफिसात भिंतीला लागून एक लाकडी बाक होता. त्यावर रोज सकाळी वाहिदभाई येऊन बसत. पैठण गेटला त्यांचं कापडाचं दुकान होतं, ते मुलांच्या हवाली करून ते मोकळे झाले होते. व्याजाचा पैसा नको आणि दारूच्या कंपन्या नकोत, एवढी त्यांची अट. तसाही एक पुडा बाजारात मिळतो, तो मी त्यांना दाखवला होता. तेव्हापासून ते वर्षातून दोनदा खरेदी करायचे आणि उरलेले सगळे दिवस बाकावर बसून इतरांच्या खरेदीकडं बघायचे. कापड बघणाऱ्या माणसाची नजर होती ती. गिऱ्हाईक जिना चढून आत आलं की हे घेणार का नुसतं उलटवून बघणार, ते वाहिदभाईंना आधीच कळायचं.

दादाराव आले तेव्हा मात्र त्यांनाही काही कळलं नाही.

उंच माणूस, पांढरा सदरा-पायजमा, डोक्यावर टोपी, हातात फुलकोबीची पिशवी. करमाडहून एसटीनं आलो, असं म्हणाले. खुर्चीत बसले, दोन्ही स्क्रीनकडं निवांत पाहिलं, आणि मला विचारलं, “ताई, इथं कंपन्या इकत मिळत्यात म्हणं?”

मी म्हटलं, शेअर मिळतात, कुठल्या कंपनीचे हवेत? त्यांनी जालना रोडवरच्या एका कारखान्याचं नाव घेतलं. दवाखान्यात लागणाऱ्या नळ्या आणि सुया बनवणारा मोठा कारखाना, मूळ कंपनी अमेरिकेतली. मी विचारलं, किती हवेत? तर ते म्हणाले, “अख्खी नको. मपल्या वावरापुरती द्या.”

बाकावर वाहिदभाई पुढं सरकून बसले.

मग सगळा उलगडा झाला. शेंद्र्याच्या पलीकडं करमाडच्या शिवारात दादारावांचं वावर होतं. औद्योगिक वसाहतीत ते गेलं. मोबदला चांगला मिळाला, त्याबद्दल त्यांची काही तक्रार नव्हती. पक्कं घर बांधलं, मुलाचं लग्न झालं, सून सविता शिकलेली होती, तिला त्याच कारखान्यात तपासणीच्या कामावर नोकरी लागली. सगळं बरं चाललं होतं. फक्त एसटीनं शहरात येता-जाता त्या कारखान्याची लांबच लांब भिंत दिसायची, आणि आत आपली विहीर नेमकी कुठं आली असेल, याचा अंदाज बांधता बांधता चिकलठाणा यायचं. एक दिवस सवितानं बोलता बोलता सांगितलं, की मामा, ही कंपनी काही एका मालकाची नाही, हिचे तुकडे बाजारात विकायला असतात. ते ऐकून दुसऱ्या दिवशी ते फुलकोबी घेऊन आमच्याकडं आले होते.

मी त्यांना समजावलं. इथल्या कारखान्याचा शेअर आपल्या बाजारात नाही. त्याची मूळ कंपनी अमेरिकेच्या बाजारात आहे. पण अमेरिकेतल्या मोठमोठ्या कंपन्यांचा एक पुडा आपल्याकडं मिळतो आणि त्यात ही कंपनी आहे. एक युनिट घेतलं तर त्यात तुमच्या वावराचा भाग किती, हे मात्र विचारू नका. एखाद्या मुंगीनं उचलला तर तिलाही ओझं होणार नाही, एवढा.

त्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, “चालतंय. सात-बाऱ्यावर नाव लागलं म्हंजे झालं.”

सात-बारा मिळणार नाही, डीमॅट खात्यात नोंद होईल, हे सांगायला मला पुढची पंधरा मिनिटं लागली. त्यांचा पुढचा प्रश्न जास्त हुशारीचा होता. आपला दिवस असतो तेव्हा अमेरिकेत रात्र असते, मग दुकान बंद असताना माल घ्यायचा कसा? मी सांगितलं, की पुड्याची खरेदी-विक्री आपल्याच बाजारात, आपल्याच वेळात होते. भाव मात्र काल रात्री तिकडं काय झालं आणि डॉलर किती रुपयांना आहे, त्यावर हलतो. ते म्हणाले, म्हणजे धार तिकडं काढायची आणि दूध इकडं विकायचं. मी म्हटलं, अगदी तसंच. खातं उघडलं, आणि काही दिवसांनी येऊन त्यांनी पहिलं युनिट घेतलं. मी म्हणून दाखवलं, त्यांनी बरोबर म्हटलं, मी बटण दाबलं. ते बराच वेळ स्क्रीनकडं बघत बसले आणि मग मला कोबी देऊन गेले.

त्यानंतर दर महिन्याला ते यायचे आणि थोडी थोडी युनिटं घ्यायचे. आणि हळूहळू हा माणूस अमेरिकन झाला. दुसरा शब्द नाही. टीव्हीवर तिकडं बर्फाचं वादळ दिसलं की ते आम्हाला फोन करून विचारायचे, आमच्याकडं लई गारठा पडलाय म्हणं, भावाला काही होईल का? तिकडची सुट्टी कधी, सण कुठला, हे त्यांना माझ्याआधी माहीत असायचं. डॉलर चढला की गावात पेढे वाटल्यासारखा चेहरा करून फिरायचे. करमाडला दाढी करताना त्यांनी न्हाव्याला अमेरिकेच्या रिझर्व्ह बँकेबद्दल एवढं सांगितलं की त्यानं दुसऱ्या गालाला पुन्हा साबण लावला. लग्नाकार्यात लोक त्यांची ओळख ‘हे आपले अमेरिकावाले’ अशी करून द्यायला लागले, आणि एकदा नवरीकडच्या एका पाहुण्यानं खरंच विचारलं, विमानानं आलात का? दादाराव म्हणाले, व्हय, लाल विमान हाय, करमाड फाट्यावर थांबतंय.

वाहिदभाई आणि ते आता बाकावर शेजारी शेजारी बसायचे. एकाचं दख्खनी, दुसऱ्याचं मराठवाडी. दोघंही मोठ्यानं बोलणारे. माझ्या फोनवरच्या गिऱ्हाइकांना वाटायचं, ऑफिसात लिलाव चालू आहे. मला ते दिवस फार आवडायचे. सकाळी सव्वानऊला बाजार उघडला की माझे दोन्ही हात कामात असायचे आणि कान बाकाकडं.

आता धंद्यातली एक मेख सांगते, ती कळल्याशिवाय पुढचं कळणार नाही. पुड्यात आत जेवढा माल, तेवढाच साधारण पुड्याचा भाव असतो. गिऱ्हाईक वाढलं तर फंड कंपनी आणखी माल घेऊन नवे पुडे बांधते, म्हणून भाव फार सटकत नाही. पण परदेशातला माल किती घ्यायचा, याला सरकारी मर्यादा आहे. ती भरली की नवे पुडे बांधणं थांबतं. बाजारात आहेत तेवढेच पुडे, आणि घेणारे मात्र वाढत जातात. मग आत माल शंभराचा आणि पुड्याची किंमत त्याहून कितीतरी जास्त, असं होऊन बसतं.

तसंच झालं. अमेरिकेची बातमी घरोघरी पोचली होती. मोबाइलवर व्हिडिओ फिरत होते. आमच्या जिन्यावर चपला मावत नव्हत्या. जो तो विचारायचा, अमेरिकेचं ते आहे का? भाव रोज वर. आतल्या मालापेक्षा किंमत चांगली पाचव्या हिश्श्यानं जास्त झाली तरी कुणाला पर्वा नव्हती. आणि चढता भाव बघून दादारावांचे डोळे लकाकायला लागले.

एका सकाळी बाजार उघडायच्या आधी मला फोन आला. बाईचा आवाज, कधी न ऐकलेला. गयाबाई, म्हणजे दादारावांची बायको. मोबदल्यातली मोठी रक्कम त्यांनी अजून बँकेत ठेवली होती. बदनापूरकडं चार एकर रान बघून ठेवलं होतं, बोलणी लांबली होती, पण पैसे त्याच रानाचे. आणि आज पहाटे नवरा ते सगळे पैसे अमेरिकेत घालायला निघाला होता. रान पुढच्या वर्षी दुप्पट घेऊ, असं म्हणून एसटीत बसला होता. गयाबाई रडल्या-ओरडल्या नाहीत. त्यांनी मला फक्त एवढंच सांगितलं, “ताई, त्येंना अडवू नका. अडवलं की त्ये हट्टाला पेटत्यात. तुम्ही निस्ता उशीर करा.”

मला आयुष्यात एवढी अचूक सूचना कुठल्या साहेबानं दिली नव्हती.

दादाराव आले ते जिना दोन दोन पायऱ्या ओलांडत. आज मोठी खरेदी आहे, असं त्यांनी बाकाला सांगितलं आणि मला रक्कम सांगितली. गिऱ्हाइकाची ऑर्डर नाकारण्याचा मला अधिकार नव्हता. म्हणून मी उशीर केला. आधी मला चष्मा सापडेना. मग तो पुसायचा राहिला. मग मी त्यांची ऑर्डर म्हणून दाखवली, एकदा, दोनदा, आणि मध्येच विसरल्यासारखं करून परत पहिल्यापासून. मग मी त्यांना स्क्रीनवरचे दोन आकडे दाखवले. हा बाजारातला भाव, आणि हा आतल्या मालाचा हिशेब. बघा, केवढा फरक आहे. नवे पुडे येत नाहीत म्हणून हा फुगवटा आहे. उद्या मर्यादा उठली किंवा लोकांचा उत्साह ओसरला, तर अमेरिका जागच्या जागी राहील आणि तुमचे पैसे मात्र कमी होतील.

ते म्हणाले, चढायलंय तर घ्यायचं, उतरल्यावर कोण घेतं? मी पुन्हा समजावलं. ते पुन्हा तेच म्हणाले. फोन वाजत होते, मागं माणसं खोळंबली होती, आणि माझ्याकडचा उशीर संपत आला होता. चार एकर रान माझ्या एका बोटाखाली होतं.

तेवढ्यात वाहिदभाई उठले. त्यांनी दादारावांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, चला, एक चाय पिऊन येऊ, अमेरिका काय बंद होत नाय. दादाराव नाही म्हणत होते, पण वाहिदभाईंनी त्यांना गिऱ्हाइकाला दुकानात न्यावं तसं हाताला धरून खाली नेलं.

खाली काय बोलणं झालं ते मला नंतर दोघांनी वेगवेगळं सांगितलं, ते जुळवून इथं देते. वाहिदभाईंनी त्यांना लग्नसराईतली एक गोष्ट सांगितली. एका वर्षी सुरतेहून माल यायचा बंद झाला. दुकानात फेट्याच्या कापडाचे थोडेच ठाण उरले. लोक भांडून घ्यायला लागले, भाव वाढवला तरी घेत होते. त्या वेळी एक पाटील आला आणि म्हणाला, भाव चढतोय, सगळे ठाण मलाच द्या, मी साठवून ठेवतो. वाहिदभाईंनी ते दिले, आणि आठ दिवसांनी सुरतेचे ट्रक आले, भाव खाली आला. वाहिदभाई दादारावांना म्हणाले, “कपडा वोच था, दादाराव. पाटलाकडं बी वोच, माझ्याकडं बी वोच. पन पाटील आज तक मेरेकू सलाम नाय करता.”

दादारावांनी चहा अर्धा ठेवला आणि विचारलं, मग त्या वक्ताला शहाणं कोण होतं? वाहिदभाई म्हणाले, ज्याच्याकडं आधीपासून ठाण होते तो. मी.

जिन्यावर पावलं वाजली ती आधीपेक्षा जोरात. दादाराव आत आले, खुर्चीत बसले आणि म्हणाले, “ताई, इकायचं.”

मी विचारलं, काय विकायचं? ते म्हणाले, अमेरिका. लोक भांडायलेत ना तिच्यासाठी, मग देऊन टाकू. मग मी आवाज जागेवर आणून म्हणून दाखवलं, सगळी युनिटं विक्री, बरोबर? ते म्हणाले, “एक ऱ्हाऊ द्या. बांधावर उभं ऱ्हायला जागा पायजेल.”

एक सोडून सगळी युनिटं विक्रीला टाकली आणि टाकताक्षणी गेली. घेणारे टपूनच बसले होते. दादाराव स्क्रीनजवळ वाकून विचारायला लागले, कुणी घेतली? मी म्हटलं, ते कळत नसतं. ते म्हणाले, पुण्याचा आसंल. आणि मग आम्ही तिघं असे हसलो, असे हसलो, की फोनवर थांबलेल्या गिऱ्हाइकानं मला विचारलं, मॅडम, बाजार वर गेलाय का?

मी गयाबाईंना फोन लावला. झालं, उशीर पुरला, असं सांगितलं. मग त्या म्हणाल्या, आता घरी लवकर पाठवा.

पुढच्या काही आठवड्यांत फुगवटा खरोखर ओसरला. अमेरिकेत काही वाईट झालं नव्हतं, कंपन्या जागच्या जागी होत्या, पुड्याचा वरचा भाव तेवढा उतरला. चढ्या भावात घेणारी माणसं जिन्यावरून हळू पावलांनी यायला लागली. त्यांना काय सांगावं, ते मला कधीच नीट जमलं नाही. मी त्यांना थांबायला सांगायचे, बाजार तुमचा नाही, तुम्हीच बाजाराचे आहात, असलं काहीतरी बोलायचे, आणि ती गेल्यावर मला वाटायचं, की माझ्याकडं प्रत्येकासाठी एक वाहिदभाई असायला हवा होता.

दादारावांनी बदनापूरकडचं रान घेतलं. गयाबाईंच्या नावावर. अमेरिका विकून जे जास्तीचं आलं त्यातून तिथं बोअर मारला आणि त्याला पाणी लागलं. पाणी लागलं त्या दिवशी त्यांनी मला फोन करून फक्त पाण्याचा आवाज ऐकवला.

नंतर आमचं ऑफिस बंद झालं. सगळ्यांच्या मोबाइलवर आता बाजार आहे, दोन टिचक्यांत काम होतं, जिना चढायला कोण येणार? माझं वयही झालंच होतं. बाक वाहिदभाईंनी मागून घेतला, त्यांच्या दुकानापुढं तो आता असतो. मोबाइलचं मला वाईट वाटत नाही. पण तुम्ही काय करताय ते तो तुम्हाला मोठ्यानं म्हणून दाखवत नाही, आणि कुणी चहाला खाली नेत नाही, एवढं खटकतं. आणि खरं सांगायचं तर आणखी एक खटकतं. जन्मभर दुसऱ्यांसाठी बटणं दाबली, पण माझे स्वतःचे पैसे मी बँकेच्या ठेवीत ठेवले. माझ्या नावावर अमेरिकेचं एक युनिटही नाही.

त्यामुळं गेल्या हिवाळ्यात सविताचा फोन आला तेव्हा मी मालकीण म्हणून नाही, मावशी म्हणून गेले. कारखान्यात कुटुंबांना बोलावण्याचा दिवस होता. कामगारांच्या घरच्यांना आत नेऊन कारखाना दाखवतात, जेवण देतात. सविताच्या नवऱ्याची त्या दिवशी वाळूजला कामाची पाळी होती, त्याच्या जागी तिनं माझं नाव दिलं होतं. दादाराव, गयाबाई आणि मी. दादारावांनी कडक इस्त्रीचा सदरा घातला होता. भिंतीच्या आत पाऊल टाकल्यावर त्यांनी आधी पायाखाली बघितलं.

आत सगळं चकचकीत, गार, पांढरं. एका दालनापाशी आम्हाला थांबवलं. तिथं धूळ चालत नाही. टोपी काढून डोक्याला निळी प्लास्टिकची पिशवीवजा टोपी घालायची, पायांना प्लास्टिकचे मोजे चढवायचे. गयाबाईंनी मोजे चढवलेल्या नवऱ्याकडं पाहिलं आणि पदर तोंडाला लावला. ज्या मातीत हा माणूस जन्मभर अनवाणी चालला, तिथं त्याच्या पायांची धूळ लागू नये म्हणून ही तजवीज होती. दादारावांना त्याचंही हसू आलं. आत गेल्यावर ते मोठ्या काचेच्या खिडकीपाशी गेले, बाहेर पलीकडच्या टेकडीचं टोक शोधलं, मागं वळून छताकडं बघितलं, दोन पावलं डावीकडं सरकले, आणि एका लांब टेबलापाशी उभे राहिले. म्हणाले, विहीर इथं. इथून तिकडं कारली.

सविता तिथंच उभी होती. ते तिचं टेबल होतं. रोज आठ तास ती तिथं उभी राहून नळ्या तपासायची. ती हळूच म्हणाली, “म्हणजे मामा, मी रोज तुमच्याच वावरात असते.”

दादारावांनी टेबलावरून एकदा हात फिरवला. एका माणसानं येऊन टेबलाला हात लावू नका म्हणून सांगितलं, तेव्हा काढला.

जेवणाच्या मंडपात अमेरिकेहून आलेला मोठा साहेब टेबलाटेबलाशी थांबून सगळ्यांशी बोलत होता. आमच्याकडं तो येताना दिसला आणि दादाराव उठले. सविताला अंदाज आला, तिचा चेहरा उतरला. मामा, माझी नोकरी आहे, असं ती कानाशी म्हणाली. पण ते पुढं झालेच. दोन्ही हात जोडून म्हणाले, “सायब, मी हितला मालक हाय.”

साहेबानं सविताकडं पाहिलं. सवितानं माझ्याकडं पाहिलं. मग माझ्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत मीच सांगितलं. ही जमीन यांची होती, आणि अमेरिकेतल्या कंपन्यांच्या फंडाचं एक युनिट यांच्या नावावर आहे, त्यात तुमची कंपनी आहे. साहेब ऐकता ऐकता थबकला. त्यानं विचारलं, किती युनिटं? दादारावांनी एक बोट वर केलं. साहेब जोरात हसला, पण ते हसणं चांगलं होतं. मग तो खुर्ची ओढून आमच्यातच बसला आणि म्हणाला, माझ्या पगारातून दर महिन्याला म्हातारपणासाठी जे कापतात, ते सगळं अशाच फंडात जातं. थोडं जगभरच्या फंडात, त्यात तुमच्या भारतातल्या कंपन्याही आहेत. मीही असाच मालक आहे. चिमूटभर.

हे सवितानं मराठीत सांगितलं. दादारावांनी एक क्षण विचार केला आणि गयाबाईंना म्हणाले, “आगं, ह्यो तर आपल्या भावकीतला निघाला.”

भावकी या शब्दापुढं सविता अडकली. घाबरून तिनं चुलतभाऊ असं भाषांतर केलं. साहेबाला ते एवढं आवडलं की तो नंतर सगळ्या अधिकाऱ्यांना दादारावांची ओळख ‘माझा चुलतभाऊ’ अशी करून देत होता, आणि अधिकारी गंभीरपणे हात मिळवत होते.

भावकी ठरली तसा दादारावांचा आवाज बदलला. आता ते हक्कानं बोलले. कारखान्याच्या फाटकाबाहेर पाळी सुटल्यावर बाया बससाठी उन्हात उभ्या राहतात, मपली सूनबी त्यात असती, तिथं सावली करा. एवढंच मागणं. सवितानं डोळे मिटून भाषांतर केलं. साहेबानं ऐकून घेतलं, शेजारच्या माणसाला काहीतरी सांगितलं, आणि पुढच्या टेबलाकडं गेला.

यंदा उन्हाळा लागायच्या आत तिथं शेड उभी राहिली. पत्र्याचं छप्पर, सिमेंटची बाकं, पाण्याचा माठ. सविता मला म्हणाली, की मावशी, ते काम आधीच मंजूर झालेलं होतं, मामांना सांगू नका. मी सांगितलं नाही. सांगून उपयोगही झाला नसता.

शेड झाल्यावर दादारावांनी मला आणि गयाबाईंना तिथं नेलं. आम्ही तिघं बाकावर बसलो. ऊन चांगलंच तापलं होतं आणि सावली गार होती. गयाबाईंनी डब्यातून बदनापूरच्या रानातली काकडी काढली आणि चिरून मीठ लावून दिली. एसटी आली, थांबली. कंडक्टरनं दार उघडून विचारलं, कुठं जायचं? दादारावांनी काकडीचा घास गिळला आणि हात हलवून त्याला सांगितलं, तुम्ही निघा, आम्हाला कुठंच जायचं नाय.